दोन्ही बाजूंच्या फौजा

सैनिक किती उंच असावा हे आमच्या कामात ठरलेलं आहे: २८ मिलिमीटर. ही उंची टाचेपासून डोक्यापर्यंत नव्हे, डोळ्यांपर्यंत मोजायची. डोक्यावर पगडी आहे, लोखंडी टोप आहे की पिसांचा तुरा, त्यावर माथा वरखाली होतो. डोळे मात्र सगळ्या पलटणीचे एका रेषेत येतात. हा हिशोब पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हायसं वाटलं. जिथे डोळ्यांवरून माप ठरतं ते काम आपल्याला जमेल, असं मनानं घेतलं.

मी माहुलला राहते आणि टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचे सैनिक रंगवते. गिऱ्हाईक बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतलं, थोडं मुंबई-पुण्यातलं. या खेळाची गंमत अशी की सैनिक विकत मिळतात ते बिनरंगाचे, बरेचदा सुट्या हातापायांचे. ते चिकटवायचे, रंगवायचे, मग खेळायचं. खरेदीचा उत्साह सगळ्यांना असतो, रंगवायला वेळ थोड्यांना मिळतो, आणि करड्या प्लास्टिकची फौज घेऊन मित्रांसमोर जायला कुणालाच आवडत नाही. माझी मिळकत त्यातून होते.

माझे बाबा परळ-लालबागच्या गणपती कारखान्यांत रंगारी होते. अंगाचा रंग, पितांबर, दागिन्यांचं सोनेरी काम ही सगळी कामं वाटून व्हायची. आखणी मात्र मोजक्या हातांकडेच जायची. आखणी म्हणजे मुख्यतः डोळे. बाकी मूर्ती कितीही उत्तम रंगली तरी बुबुळ रेसभर सरकलं की देव भलतीकडेच बघतो. बाबांनी मला आखणी शिकवली ती उंदरावर. उंदराचे डोळे चुकले तर गिऱ्हाईक फारसं बघत नाही, असं ते म्हणायचे. वर्षभर उंदीर, मग हातभर उंचीच्या मूर्ती, मग मोठ्या. श्वास अर्धा सोडायचा, करंगळी मूर्तीला टेकवायची आणि रेघ एका दमात ओढायची. आजही माझी बैठक तीच आहे, फक्त करंगळी टेकवायला मूर्तीचा गाल नसतो. सैनिक औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवते, बूच डाव्या हातात धरते आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवते.

लग्नानंतर आम्ही घाटकोपरच्या बाजूला, तानसाच्या जलवाहिनीलगत राहत होतो. तिथल्या झोपड्या हटल्या आणि २०१७ मध्ये आम्ही माहुलला आलो. बहात्तर इमारती, सतरा हजारांवर घरं, प्रत्येक घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. पलीकडे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि रस्त्याच्या कडेला टँकरांची रांग. जुनं माहुल गाव कोळ्यांचं. खाडीच्या चिखलावर थंडीत रोहित पक्षी उतरतात आणि त्यांचे फोटो काढायला लांबून लोक येतात. आमच्या वसाहतीचं नाव बाहेर गेलं ते हवेमुळे. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं होतं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं माहुलला जायला तयार नसलेल्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. आमचा मुक्काम मात्र इथेच पडला. इमारती एकमेकींना इतक्या लागून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लागतो. आम्ही पाचव्या मजल्यावर, म्हणून सकाळी तासभर खरा उजेड मिळतो. डोळे मी त्या तासात करते.

या कामात मला आणलं ते चेंबूरच्या एका गाळेवाल्या दादांनी. ते सोनारांसाठी अंगठ्या-पदकांचे नमुने थ्रीडी प्रिंटरवर काढून द्यायचे. त्याच यंत्रावर एकदा कुणी सैनिक छापायला दिले आणि रंगवून मिळतील का, असंही विचारलं. दादा आमच्या गणपती कारखान्यात आले आणि मालकांना म्हणाले, "तुमच्यात सगळ्यात बारीक हात कुणाचा?" मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. भाद्रपद सरला की आमचा हात रिकामाच; मी लगेच हो म्हटलं.

दादांचं यंत्र द्रव रेझिनच्या थाळीत प्रकाश टाकून एकेक थर घट्ट करतं. थर साधारण ०.०५ मिलिमीटरचा, म्हणून पट्ट्याच्या बकलावरची खूणही उमटते. बाहेर आलेला सैनिक आधाराच्या काड्यांच्या जंजाळात अडकलेला असतो. त्या तोडायच्या, अल्कोहोलमध्ये धुवायचं, अतिनील दिव्याखाली पक्कं करायचं. कच्चं रेझिन हाताला लागू द्यायचं नाही आणि त्याचा वास कोंडू द्यायचा नाही. यंत्र घरी ठेवलंस तर दोन पैसे जास्त सुटतील, असं दादा एकदा म्हणाले. सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "इथल्या हवेत अजून एका वासाची भर नको." तो विषय तिथेच संपला. छपाई चेंबूरला, रंग माहुलला.

रंगाचं काम पायऱ्यांनी होतं. आधी साच्याची शीर सुरीनं खरवडायची, मग प्रायमर. त्यावर मूळ रंग पातळ करून दोनदा. मग वॉश, म्हणजे काळपट-तपकिरी रंगाचं पाणी, जे घड्यांत आणि बोटांच्या फटींत जाऊन बसतं. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवायचा, की कापडाच्या चुण्या, घोड्याची आयाळ आपोआप उठून येतात. शेवटी कडांवर उजळ रेघ. एवढ्या लहान अंगावर खऱ्या उजेडाची सावली पडत नाही, म्हणून उजेड आणि सावली दोन्ही आपणच रंगवायची. गणपतीला याची गरज नसते. मंडपात दिवे असतात. दुसरा फरक डोळ्यांचा. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी. सैनिकाचे मी सुरुवातीलाच करते: पांढरा ठिपका, त्यावर काळी उभी रेघ, आणि ती जास्त झाली तर कातडीच्या रंगानं वरून-खालून आवळायची. देवाला शेवटी डोळे द्यायचे हा बाबांचा नियम मोडताना पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटायचं.

पावसाळ्यात हे सगळं बिघडतं. हवेत दमटपणा असताना स्प्रेचा प्रायमर रवाळ बसतो आणि मॅट वार्निशवर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसते. म्हणून आषाढ-श्रावणात मी दोन्ही ब्रशनंच लावते. कोरड्या दिवसांत उलट त्रास: रंग ताटलीतच सुकतो, मग ओल्या स्पंजावर बटर पेपर पसरून त्यावर रंग कालवायचा. खिडकीवर बोट फिरवलं की काळी रेघ येते, त्यामुळे ओल्या वार्निशवर लगेच डबा झाकायचा. रंगांत स्पेनचे, इंग्लंडचे खास सैनिकांचे रंग गिऱ्हाईक पाठवतं. पण बैठकीची माती, लाकूड, चामडं यांना मी कॅमलिनचाच अॅक्रिलिक वापरते. १९३१ पासून मुंबईत रंग-शाई करणारी ही कंपनी; शाळेपासून तिचे रंग हाताखालचे.

हे सैनिक नक्की कशासाठी, हे मला काम सुरू केल्यावर कळलं. टेबल साधारण सहा फूट बाय चार फूट. त्यावर टेकड्या, झाडं, पडक्या भिंती. पटावर घरं आखलेली नसतात. टेपनं इंच मोजून फौज पुढे सरकवायची. गोळी लागली की नाही ते फासे सांगतात. मध्ये भिंत आली तर गोळी जात नाही, म्हणून खेळणारे खाली वाकून, एक डोळा मिटून, सैनिकाच्या नजरेतून समोर बघतात. प्रत्येक सैनिकाला पॉइंट ठरलेले असतात. दोघांनी सारख्याच पॉइंटांची फौज आणायची. वॉरहॅमर ४०,००० या सगळ्यात गाजलेल्या खेळात साधारण २,००० ची. एकाकडे थोडे धिप्पाड, दुसऱ्याकडे ढीगभर किरकोळ, पण तागडी सारखी.

याचं मूळ शाळकरी नाही. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्यानं वडिलांची कल्पना पुढे नेऊन नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. नकाशा १:८००० प्रमाणाचा, सोबत फासे आणि निवाडा करायला पंच. प्रशियाच्या सैन्यानं तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. त्याच्याही मागे गेलं तर असे खेळ बुद्धिबळातून निघाले, आणि बुद्धिबळ आपल्याकडच्या चतुरंगातून. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. घरातल्या फरशीवर शिशाचे सैनिक मांडायचे आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं पाडायचे. माणूस युद्धाच्या विरोधातला; त्याचं म्हणणं, मोठ्या लढाईपेक्षा ही छोटी बरी. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. १९७४ चा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळही सैनिकांच्या टेबलावरूनच निघाला. वॉरहॅमर १९८३ चा, त्याचं अंतराळातलं भावंड, वॉरहॅमर ४०,०००, १९८७ चं. ते काढणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत गेली. बिनरंगाचे सैनिक विकून.

आमच्या कामाला यामुळे सणवार लागले. वॉरहॅमर ४०,००० ची नवी आवृत्ती २०१७, २०२० आणि २०२३ मध्ये निघाली, म्हणजे दर तीन वर्षांनी, आणि तीही जून-जुलैत. इकडे तेव्हा गणपतीचे कारखाने भरात असतात. नवे नियम आले की जुन्या फौजेतले काही लोक निरुपयोगी ठरतात, काही एकदम भाव खातात, आणि सगळ्यांना आपली फौज पंधरा दिवसांत हवी असते. २०२४ तर बाराही महिने गजबजलेलं गेलं: जानेवारीत द ओल्ड वर्ल्ड, जुलैत एज ऑफ सिग्मारची चौथी आवृत्ती, सप्टेंबरात दुसऱ्या महायुद्धावरच्या बोल्ट अॅक्शनची तिसरी. वर्ष संपता संपता ट्रेंच क्रुसेड नावाच्या नव्या खेळानं लोकवर्गणीतून तीस लाख डॉलरहून जास्त उभे केले. त्यात अनेकांनी घेतले ते सैनिक नव्हेत, घरी छापायच्या फाइली. दादांनी ती बातमी मला दाखवली आणि म्हणाले, "बघ, पुढे कारखाना गिऱ्हाइकाच्या घरात जाणार. रंगारी तेवढा जात नाही." दादा एक पथ्य पाळतात: मूर्तिकाराकडून छपाईचा परवाना घेतलेली फाइलच छापायची. कंपनीच्या सैनिकाची नक्कल करून द्या म्हणणारे येतात, त्यांना चहा मिळतो, छपाई मिळत नाही.

येऊ घातलेल्या खेळांची ही मंडळी ज्या असोशीनं वाट बघतात ती पाहून आधी मला हसू यायचं. घरात रंग न लावलेल्या पेट्यांची चळत, आणि लक्ष सगळं पुढच्या महिन्यात येणाऱ्या पेटीवर. मग लक्षात आलं की वाट बघणं हाच त्यांच्या हौसेचा अर्धा भाग आहे. फौजेची यादी लिहायची, खोडायची, झेंड्याचा रंग ठरवायचा, मित्राशी रात्री उशिरापर्यंत वाद घालायचा. खेळायला महिन्यातून एखादा रविवार मिळतो. हे बाकीचं रोज करता येतं. लोकलमध्ये उभ्या उभ्यासुद्धा.

माझं स्वतःचं या खेळाशी जमलं ते असईच्या कामापासून. इंग्लंडमधल्या एका निवृत्त शिक्षकांची मागणी आली. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं 'असईवाले आजोबा'. त्यांना २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई टेबलावर मांडायची होती. असई जालना जिल्ह्यातलं, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. शाळेत हे आम्ही एका ओळीत शिकलो होतो. आता तीच ओळ शेकडो पायदळ, घोडे आणि तोफांच्या रूपात खोक्यांतून माझ्या घरी आली.

शिंद्यांची फौज म्हणजे मावळे, असं मी धरून चालले होते. भगवा, पांढरा, कमरेला शेला, ढाल-तलवार. आजोबांनी पाठवलेली चित्रं आणि टिपणं वेगळीच निघाली. शिंद्यांचं मुख्य बळ कवायती पायदळ. महादजींनी १७८४ पासून द बॉयन या सावॉयच्या माणसाकडून ते उभं करून घेतलं होतं: रांगा, बंदुका, संगिनी, युरोपीय धर्तीचे कोट. त्यात मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानातल्या पुरभय्यांचा. गोलंदाजांत गोव्याकडचे लोक. बेगम समरूच्या पलटणी. आणि असईला या पायदळाचा सेनानी पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. मग मी इंग्रजांचा खोका उघडला. ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश पलटणी, १९ वे ड्रॅगून घोडेस्वार, आणि बाकी पायदळात मद्रासच्या शिपायांच्या पाच पलटणी. म्हणजे 'इंग्रज' फौजेतला निम्म्याहून मोठा भाग आपल्याकडच्याच माणसांचा. कातडीचा रंग मी दोन्ही खोक्यांसाठी वेगवेगळा कालवून ठेवायच्या तयारीत होते. शेवटी दोन्ही फौजा बहुतेक एकाच बाटलीतून रंगल्या.

आजोबांशी बोलणं व्हिडिओवर व्हायचं. माझं इंग्रजी कामापुरतं, त्यांचा स्वभाव शिक्षकाचा, जमलं. ७४ व्या पलटणीच्या निशाणावर मी हत्ती काढला होता, कारण मिळालेल्या चित्रात तो होता. ते म्हणाले, हत्तीचं निशाण या पलटणीला असईच्या लढाईबद्दल मिळालं. मग ते असईच्या लढाईत कसं असेल? हत्ती गेला. मीही एक गोष्ट सोडली नाही. सैनिकांच्या बैठकींना त्यांना पिवळी वाळू हवी होती, तिकडे हिंदुस्थान म्हटलं की तीच लावतात. मी सांगितलं, "सर, जालन्याकडची जमीन काळी आहे. कापसाची माती." त्यांना माझ्या नणंदेच्या गावचा शेताचा फोटो पाठवला. दोन्ही फौजा काळ्या मातीवर उभ्या राहिल्या.

ही लढाई खेळ म्हणून मांडणं सोपं नाही, हे त्यांनी मला समजावलं. केळणेच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसतात, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा अंदाज बांधून वेलस्लीनं नदी ओलांडली आणि शिंद्यांच्या बगलेवर आला. पोलमननं अख्खी रांग वळवून त्याच्यासमोर उभी केली. कवायत कच्ची असती तर ते जमलं नसतं. तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. ७४ वी पलटण वाट चुकलेल्या तुकडीमागून असई गावाच्या फार जवळ गेली आणि तिची चाळण झाली. ज्या तोफा इंग्रजांनी ओलांडल्या त्यांचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. ते उठून मागून पुन्हा मारा करू लागले. वेलस्लीच्या खालचा एक घोडा मेला, दुसरा जखमी झाला. शेवटी शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या, पण त्याची १,५०० हून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे अडगाव आणि गाविलगड पडले आणि वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगावचा तह झाला. शिंदे-भोसल्यांचं प्रचंड घोडदळ असईला लढाईत फारसं उतरलंच नाही. टेबलावर मात्र ते खेळणाऱ्याच्या हातात असतं. ते पहिल्याच डावात उतरवलं तर? म्हणून खेळ रचणारे बंधनं घालतात: घोडदळ हलवायला फाशात अमुक पडायला हवं, इंग्रजांनी ठरावीक हानीच्या आत जिंकायला हवं. नाहीतर ते जिंकूनही हरले.

फौजा पाठवण्याआधी आजोबांच्या परवानगीनं त्यांची एक चाचणी मुलुंडला झाली. दादांच्या ओळखीचे चार-पाच खेळाडू: एक दंतवैद्य, एक सीए, दोघं सॉफ्टवेअरमधले. हॉलमधलं जेवणाचं टेबल, त्यावर प्लायवूड. मला वाटलं होतं, पोरखेळ असेल आणि आरडाओरडा. आरडाओरडा होता, पण फाशांवर. सैनिक कुणीही डोक्याला धरून उचलला नाही. सगळे बैठकीला धरायचे. नियमाचा वाद झाला तर पुस्तक उघडायचं. तरी उलगडलं नाही तर फासा टाकायचा आणि पुढे जायचं. समोरचा एखादी चाल विसरला तर हेच त्याला आठवण करून देत होते, "अरे, तुझ्या तोफा राहिल्या." मी विचारलं, "त्याला सांगितलंत तर तुम्हीच हराल ना?" सीए म्हणाला, "काकू, विसरल्यामुळे हरला तर त्यात काय मजा?"

शिंद्यांच्या बाजूला सॉफ्टवेअरवाला मुलगा होता. त्यानं घोडदळ हलवण्यासाठी फासे टाकले, पडेना. पुन्हा पडेना. पाचव्या डावात हललं, तोवर मधली पलटण मोडली होती. हरला तो, पण ७४ वी पलटण पुन्हा तोफांपुढे संपली, आणि गुण मोजले तेव्हा वेलस्ली काठावर सुटला होता. खेळ उरकल्यावर दोघं टेबलाच्या एकाच बाजूला येऊन उभे राहिले आणि अर्धा तास 'तू इथे वळला असतास तर' यावर बोलत बसले. माझ्या मनात आधीपासून शिंदे जिंकावेत असं होतं. पण मद्रासचे शिपाई एकेक करून टेबलावरून उचलले जात होते तेव्हाही मला चुटपुट लागली. त्यांच्याही डोळ्यांसाठी माझ्या सकाळी गेल्या होत्या.

त्याच वर्षी दिवाळीत इमारतीखाली मुलांनी किल्ला केला. दोन इमारतींमधल्या फटीत ऊन येत नाही, तरी आळीव पेरले होते, पिवळट कोंब आले. बुरूज, तटबंदी, भुयार, थर्माकोलची विहीर, वर सिंहासनावर महाराज. दुकानातून आणलेली चित्रं पायऱ्यांवर मांडलेली: मावळे, भालदार, गवळण, वाणी, मेंढपाळ, एक वाघ. हे मी लहानपणापासून बघत आले आहे, पण असईनंतर पहिल्यांदा वाटलं, इतका बंदोबस्त आहे, तो कुणाविरुद्ध? प्रतापगड करणारी मुलं अफझलखानाचा शामियाना उभारतात, तो अपवाद सोडला तर दिवाळीच्या किल्ल्याला वेढा पडत नाही. सगळे तोफा रोखून बसतात, समोर रिकामी जमीन.

दादांकडे बिघडलेल्या छपाईचे सैनिक साठलेले असतात: कुणाची बंदूक अर्धी, कुणाचा पाय वाकडा. त्यातले मूठभर मी मुलांना दिले. टेप दिली, फासे दिले, मुलुंडचे नियम चार वाक्यांत सांगितले. पहिल्या संध्याकाळी भांडण झालं, कारण शत्रू व्हायला कुणीच तयार नव्हतं. जो डब्बा ऐसपैसमध्ये हरेल तो शत्रू, असं ठरलं. तिसऱ्या संध्याकाळी मी खाली गेले तेव्हाही भांडणच चाललं होतं, पण उलटं. प्रत्येकाला शत्रू व्हायचं होतं. किल्ल्यावर बसलेल्याला वाट बघण्याखेरीज काम नाही, कारस्थानं सगळी वेढा घालणाऱ्याची, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तळमजल्यावरची सहावीतली पोरगी मला समजावत होती, "मावशी, विहिरीच्या बाजूचा तट कच्चा आहे. वरून दिसत नाही. खालून बघितलं की कळतं." ती मातीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून बघत होती.

मुलुंडच्या टेबलापाशी मला जे नुसतं आवडलं होतं, ते मला तिनं समजावलं. स्वतःची बाजू कुठे कच्ची आहे हे समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. युद्धाचे खेळ मुलांना हिंसा शिकवतात असं काही जण म्हणतात; तशी शंका माझ्याही मनात होती. बिघडतं तिथे, जिथे एकच बाजू मांडलेली असते. या खेळात दुसऱ्याची फौज टेबलावर आल्याशिवाय डाव सुरूच होत नाही. ती आपल्याइतक्याच पॉइंटांची लागते, आणि पुढच्या रविवारी तुम्हाला तिच्या बाजूनं बसावं लागतं. असई आम्ही मराठी माणसं पराभव म्हणून सोडून देतो, इंग्रज पराक्रम म्हणून मिरवतात. माझ्या टेबलावर ती दोन्हीकडून रंगली, म्हणून पोलमनची वळलेली रांग मला माहीत झाली, आणि तोफांपाशी पडून राहिलेले गोलंदाजही. त्यांच्यावर धडा कुठल्याच बाजूच्या पुस्तकात मी वाचला नव्हता.

आता नवी मागणी आली आहे. एका गिऱ्हाइकाला मोठी मोहीम खेळायची आहे; स्वतःच्या फौजेला त्याला सगळे थर हवेत, अगदी बुबुळापर्यंत. समोरच्या फौजेबद्दल त्यानं लिहिलं, "त्यांना मूळ रंग आणि एक वॉश पुरे. मरायलाच तर आहेत. निम्मा दर लावा." दादा म्हणाले, घे, काम झटपट होईल. पैशांची निकड होतीच. पावसाळा तोंडावर आहे, मुलीच्या शाळेची फी भरायची आहे. मी उलट लिहिलं की दोन्ही फौजा एकाच दरानं आणि एकाच हातानं होतील. पैसे कमी असतील तर दोन्हीकडची माणसं सारखी कमी करूया. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं: दोन्हीकडची दहा-दहा कमी करा. परवा चेंबूरहून खोके येतील. सुरुवात मी समोरच्या फौजेपासून करणार आहे, कारण सुरुवातीला हात ताजा असतो.